मोठ्या डॉक्टरांकडे जाण्याआधी

पोटाचे जुने दुखणे टीबीचे की क्रोन्सचे, हे ठरवताना यंत्रांइतकीच रुग्णाची हकीगतही कामी येते. ती कशी तयार करावी, हे आम्ही एक फेरी वाया घालवून शिकलो.

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. माझा भाचा, वहिनी आणि मी असे तिघे रात्रीच्या बसने बेळगावहून पुण्याला निघालो होतो. भाचा म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. वय बावीस, राहणार खानापूर तालुक्यातला. सव्वादोन वर्षे त्याचे पोट दुखत होते. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचे, मग बेळगावचे असे करत शेवटी पुण्याच्या एका पोटविकारतज्ज्ञांची तारीख मिळाली होती. भाच्याच्या मांडीवर कापडदुकानाची पिशवी होती. रिपोर्ट, चिठ्ठ्या, सोनोग्राफीचे फोटो, औषधांची रिकामी पाकिटे असे सगळे तिच्यात कोंबलेले. "एवढे कागद बघितल्यावर डॉक्टरांना कळंल की सगळं," वहिनी म्हणाली. मलाही तसेच वाटत होते.

सकाळी अकराला आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवली आणि भाच्याला विचारले, "पहिल्यांदा कधी दुखलं?" वहिनी म्हणाली, "लई दिवस झाले." भाचा म्हणाला, "एक वर्ष." मी म्हणाले, "दोन तरी." मग त्यांनी विचारले, टीबीच्या गोळ्या कोणत्या महिन्यात सुरू झाल्या? त्यांनी फरक पडला का? पडला तर किती दिवस टिकला? वजन तेव्हा किती होते? दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला तुकडा कुठल्या लॅबमध्ये आहे? आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एका कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या आणि म्हणाले, "हे घेऊन या, मग नीट ठरवू." पुढची तारीख जानेवारीची मिळाली. मधल्या दोन महिन्यांत मुलाचे आणखी दोन किलो वजन उतरले.

त्या दोन महिन्यांत आम्ही जे केले, ते आधी घरबसल्या करता आले असते. आपल्यापैकी कुणाच्या घरी असे दुखणे असेल, तर त्यांची तरी पहिली फेरी फुकट जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

एवढे प्रश्न कशासाठी?

क्रोन्स हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. नेमके कारण एकच असे सांगता येत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात तो कुठेही होऊ शकतो, पण लहान आतडे जिथे संपते आणि मोठे सुरू होते तिथे त्याचे ठाणे विशेष. स्कॉटलंडचे शल्यविशारद डॅलझील यांनी १९१३ साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवर निबंध लिहिला. लेखकांची नावे आद्याक्षरांच्या क्रमाने छापली गेली, क्रोन यांचे नाव पहिले आले आणि तेच आजाराला चिकटले. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने तो कुणाला होत नाही.

आता आपल्याकडची अडचण अशी, की आतड्याचा टीबीही नेमका त्याच कोपऱ्यात बसतो. पोटदुखी, जुलाब, ताप, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत. दुर्बिणीतून व्रण दिसतात तेही दोन्हींत. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी दोन्हींत पेशींच्या गाठी सापडू शकतात. तुकड्यात टीबीचे जंतू सापडले तर प्रश्नच मिटला, पण टीबी असूनही ते पुष्कळदा सापडत नाहीत. युरोप-अमेरिकेत टीबी कमी असल्याने तिथल्या डॉक्टरांना हा पेच क्वचित पडतो. आपल्याकडे तो रोजचा आहे.

आणि चुकीची किंमत दोन्हीकडे मोठी. क्रोन्सवरची बरीच औषधे संरक्षणयंत्रणेला लगाम घालतात. मूळ दुखणे टीबीचे असेल तर अशा औषधांनी तो फोफावतो. उलट क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या घेत राहिले तर महिने जातात, आतडे आकसून अरुंद होते आणि वेळ ऑपरेशनवर येते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही आजारांचे प्रत्येकी ५३ रुग्ण होते. दोघांतला फरक ओळखायला ज्या चार गोष्टी ठळकपणे उपयोगी ठरल्या, त्यांतल्या दोन दुर्बिणीतून आणि तुकड्यातून कळणाऱ्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे शौचातून रक्त जाते का आणि वजन घटले का. रक्त जाण्याचे पारडे क्रोन्सकडे झुकत होते, वजन घटण्याचे टीबीकडे. अर्थात एवढ्यावरून कुणी घरीच निदान करू नये, कारण दोन्ही लक्षणे दोन्ही आजारांत असतात. पण जी गोष्ट फक्त रुग्ण सांगू शकतो, तिला डॉक्टर किती मोल देतात, ते यावरून ध्यानात यावे.

कालनिर्णयाच्या मागची तारीख

पुण्याहून परतल्यावर आम्ही आधी तारखांच्या मागे लागलो. वही घेऊन बसलो, पण कुणाला काही आठवेना. शेवटी वहिनीने माळ्यावरून जुनी कालनिर्णये काढली. ती दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, भिशीचे पैसे कधी दिले, हे सगळे कालनिर्णयावर लिहिते. २०२१ च्या सप्टेंबरच्या पानावर गौरी जेवणाच्या दिवशी दूध दीड लिटर जास्त घेतल्याची खूण होती. ती बघून तिला आठवले, "त्या दिवशी पोरानं पुरणपोळी खाल्ली नाही. पोटात कळ येते म्हणून आत जाऊन पडला." सुरुवात सापडली. तिथून पुढे दिवाळीची सुट्टी, मावसबहिणीचे लग्न, परीक्षेचे महिने असे धागे धरत आम्ही एक पान भरले.

तुम्हीही असेच करा. तारीख आठवत नसेल तर सण, लग्न, पेरणी, परीक्षा यांच्या आधाराने महिना काढा. एकाच पानावर, वरून खाली, काळाच्या क्रमाने लिहा. पहिले दुखणे कधी, ताप कधी, कोणत्या डॉक्टरांनी कोणते औषध किती दिवस दिले, त्याने काय फरक पडला. टीबीच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यांचा महिनावार तपशील द्या. सुरू कधी केल्या, बंद कधी केल्या, मध्ये चुकल्या का, ताप कितव्या आठवड्यात गेला, भूक परतली का, आणि त्रास पुन्हा कधी सुरू झाला.

हा तपशील महत्त्वाचा का, ते डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितले. निदान पक्के होत नसेल तर आपल्याकडे पुष्कळदा आधी टीबीचे औषध देऊन बघतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. टीबी असेल तर व्रण भरून येतात. क्रोन्समध्ये काही दिवस बरे वाटू शकते, पण व्रण बहुधा तसेच राहतात. आमच्या मुलाने नऊ महिने गोळ्या खाल्ल्या, पण मध्ये दुर्बिणीची तपासणी झालीच नाही. "बरं वाटतंय ना?" या प्रश्नाला तो "हो" म्हणत राहिला. पानावर मात्र निराळेच दिसले. पहिल्या दोन महिन्यांत वजन दोन किलो वाढले आणि चौथ्या महिन्यापासून ते पुन्हा उतरत गेले.

वजनाचे आकडे आम्हाला कुठे मिळाले असतील? कॉलेजच्या आरोग्य तपासणीचे कार्ड, जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा कोपरा आणि लसीकरणाच्या वेळची नोंद. ५८ किलोवरून ४६ किलो. आकडे सापडेनात, तर जुनी पँट किंवा पट्ट्याची भोकेही सांगतात. तेही लिहा.

पिशवीतून फाईलकडे

कागद जास्त असले म्हणून काम होत नाही, ते लावलेले असावे लागतात. साधी प्लास्टिकची फाईल आणा आणि कागद तारखेप्रमाणे लावा. रक्ताचे रिपोर्ट एकीकडे, दुर्बिणीचे एकीकडे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन एकीकडे. दुर्बिणीच्या रिपोर्टचे रंगीत फोटो असतील तर तेही ठेवा. दुर्बीण मोठ्या आतड्यातून पुढे लहान आतड्याच्या टोकापर्यंत गेली होती का, हे रिपोर्टात लिहिलेले असते. डॉक्टर तेच आधी शोधतात. सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर नुसता टाईप केलेला कागद पुरत नाही. फिल्म किंवा सीडी मागून घ्या.

आता सगळ्यात विसरली जाणारी वस्तू. दुर्बिणीतून काढलेला तुकडा लॅब फेकून देत नाही. तो मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवून ठेवतात आणि त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेतात. काचपट्टी म्हणजे स्लाईड, ठोकळा म्हणजे ब्लॉक. रुग्णाने किंवा घरच्यांनी अर्ज केला आणि ओळखपत्र दाखवले की दुसरे मत घेण्यासाठी ते मिळू शकतात. नव्या ठिकाणचे तज्ज्ञ तोच तुकडा पुन्हा वाचतात. त्यामुळे कधीकधी दुसऱ्यांदा दुर्बीण घालण्याचा त्रास आणि खर्च वाचतो. आम्हाला लॅबमध्ये दोन हेलपाटे पडले. स्लाईड फुटू नये म्हणून वहिनीने डबी कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली होती.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. कुणाच्या चिठ्ठ्या कानडीत, कुणाच्या इंग्रजीत, डिस्चार्ज कार्डावरचे शेरे हाताने खरडलेले. कानडी कागद पुणे-मुंबईला वाचता येणार नाही. शेजारच्या मास्तरांकडून त्याचा मराठी किंवा इंग्रजी सारांश लिहून घ्या. औषधांची नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटेच बरोबर न्या. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आरोग्य योजनेचे किंवा विम्याचे कार्डही फाईलच्या मागच्या कप्प्यात ठेवा. कोणती योजना तिथे चालते, हे तारीख घेतानाच फोनवर विचारावे.

जे सांगायला जड जाते

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पान समोर ठेवले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले आणि एके ठिकाणी बोट ठेवले. "२०२२ च्या पावसाळ्यात आणि २०२३ च्या फेब्रुवारीत मूळव्याधीचं ऑपरेशन, असं लिहिलंय. मूळव्याधच होती का?" भाचा खाली बघत राहिला. वहिनी म्हणाली, "हो, मूळव्याधच." डॉक्टर आम्हा दोघींना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

दहा मिनिटांनी आत बोलावले तेव्हा कळले, की ती मूळव्याध नव्हतीच. गुदद्वाराशेजारी गळू होऊन ते फुटले होते. त्यातून वाट पडून अजूनही पू येत होता. आपण ज्याला भगंदर म्हणतो ते. मुलगा वर्षभर आतून कापडाची घडी लावून कॉलेजात जात होता. आईला कधी बोलला नाही. घरात सगळे त्याला मूळव्याध म्हणत होते आणि तोही तेच म्हणत राहिला. पुन्हा पुन्हा होणारे भगंदर आणि जोडीला पोटदुखी, हा क्रोन्सकडे बोट दाखवणारा मोठा पुरावा असतो. तो एवढ्या दिवसांत कुठल्याच कागदावर आला नव्हता.

म्हणून सांगते, रुग्ण मुलगा असो की मुलगी, त्याला किंवा तिला डॉक्टरांशी एकटे बोलायला पाच मिनिटे द्या. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. दिवसातून किती वेळा जावे लागते, रात्री उठावे लागते का, रक्त किंवा आव पडते का, कपडे खराब होतात का, हे सगळे लिहावे. तोंडात वारंवार फोड, सांधेदुखी, डोळे लाल होणे, नडगीवर दुखऱ्या लाल गाठी या गोष्टी पोटाशी संबंधित नाहीत असे वाटते, पण क्रोन्समध्ये त्या येतात. मुलींनी पाळीतले बदल सांगावेत. लग्न झालेले असेल तर मूल हवे आहे का, दिवस गेलेत का, हेही सांगावे. काही औषधे त्यावरूनच ठरतात.

लाज फक्त मुलालाच होती असे नाही. "घरात कुणाला टीबी झाला होता का?" या प्रश्नाला पहिल्या वेळी आम्ही "नाही" म्हणालो होतो. माझे वडील, म्हणजे भाच्याचे आजोबा, आमच्या लहानपणी कित्येक महिने मिरजेजवळ वानलेसवाडीला औषधोपचारासाठी होते. त्या काळी घरात क्षय म्हटला की मुलींची लग्ने अडत. आईने आम्हाला "बाबा कामाला गेलेत" असे सांगायला शिकवले होते. पन्नास वर्षांनी डॉक्टरांच्या खोलीतही माझ्या तोंडून तेच शिकवलेले उत्तर आले. दुसऱ्या वेळी खरे सांगितले. डॉक्टरांनी ते फक्त लिहून घेतले.

काय बंद करू नये, काय लपवू नये

तारीख जवळ आली म्हणून चालू औषधे मनाने थांबवू नयेत. स्टिरॉइडच्या गोळ्या तर एकदम कधीच बंद करू नयेत, ते धोक्याचे आहे. वैद्यांची चूर्णे, काढे, भस्मे, कुणी दिलेल्या पुड्या हे सगळे बरोबर न्या. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका. अंगदुखी-डोकेदुखीवर दुकानातून घेतलेल्या गोळ्यांची नावे सांगा, कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी आतड्याचे दुखणे चिघळू शकते. विडी-सिगारेट असेल तर तेही खरे सांगा. धूम्रपानाने क्रोन्स बळावतो.

लसीकरणाचे कार्ड, कांजिण्या झाल्या होत्या का, कावीळ कधी झाली होती, याची नोंद ठेवा. संरक्षणयंत्रणा दाबणारे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी करतात, लसींचाही विचार करतात.

तपासणीला उपाशीपोटी यायचे का, हे फोनवर विचारून घ्या. आपल्या मनाने जुलाबाचे औषध घेऊन पोट साफ करून जाऊ नका. प्रवासात त्रास होत असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा, बसमध्ये पुढची जागा घ्या, जोडीला एक जास्तीचा कपडा असू द्या.

आपले प्रश्न

खोलीत शिरल्यावर ठरवलेले प्रश्न विसरतात. ते आधीच लिहून न्या. आम्ही सहा लिहिले होते.

१. टीबी की क्रोन्स, कशावरून ठरवले? खात्री किती? शंका उरली असेल तर ती कशाने फिटेल?

२. आजार आतड्याच्या कोणत्या भागात आहे? आतडे कुठे अरुंद झाले आहे का?

३. हे औषध किती दिवसांत लागू पडावे? नाही पडले तर पुढे काय?

४. कोणत्या तपासण्या गावाजवळ होतील आणि कोणत्या इथेच कराव्या लागतील?

५. खर्च महिन्याला साधारण किती? त्यात स्वस्त पर्याय कोणता?

६. मध्येच त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा?

एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे. बोलणारा शक्यतो रुग्णच असावा.

एक मात्र लक्षात असू द्या. पोट फुगून कळा येणे, उलट्या थांबत नसणे, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, भरपूर रक्त जाणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काही झाले तर मोठ्या डॉक्टरांच्या तारखेची वाट बघू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात लगेच जा. फाईल तेव्हाही बरोबर न्या.

आमच्या भाच्याचे निदान स्लाईड पुन्हा वाचून, एमआरआय करून आणि ती हकीगत जोडून झाले. क्रोन्सच. औषध चालू आहे, ते बरीच वर्षे घ्यावे लागेल. मध्ये एकदा त्रास उलटला आणि पुन्हा पुण्याला धावावे लागले. पण वजन आता ५५ च्या पुढे आहे, आणि गेल्या गौरी जेवणाला तो पंगतीत बसला होता. पुरणपोळी अर्धीच घेतली, डॉक्टरांनी सांगितले होते तेवढीच.

वहिनीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय अजूनही त्याच खिळ्याला आहे. दुधाच्या आकड्याखाली आता निळ्या पेनने दुसरा एक आकडा असतो. दर रविवारी भाचा वजनकाट्यावर उभा राहतो आणि तो स्वतः लिहितो.